भंगार आणि भांगर



मराठी आणि कोंकणी या सख्ख्या बहिणी खऱ्या. परंतु त्यांच्या घरांतील काही शब्द मोठे फसवे आहेत. कोंकणी बोलणाऱ्या मुलांना मराठी शिकवताना, आणि स्वतः कोंकणीतून मराठीत येताना, ही फसगत माझ्या नित्याच्या अनुभवाची झाली आहे. कोंकणीत 'भांगर' म्हणजे सोने. मराठीत 'भंगार' म्हणजे मोडकातोडका टाकाऊ माल. लिहिताना फरक काय तो एका कान्याचा. काना 'भ'ला दिला तर सोने, 'ग'ला दिला तर केरकचरा! एकदा आठवीतल्या एका मुलाने निबंधात आपल्या आजीच्या अंगावर 'भंगाराचे दागिने' घातले होते, आणि सारा वर्ग पोट धरून हसला होता. मीही हसले. परंतु त्या मुलाने सोन्याला भंगार म्हटले ते केवळ वहीत. पुढे मी स्वतः तीच चूक प्रत्यक्षात केली, आणि तीही शाईने सही करून. त्या चुकीची हकीकत आणि तिच्यातून माझे जे मत बनले ते आज तुमच्यापुढे ठेवावयाचे आहे.

प्रत्येक शाळेत 'डेडस्टॉक' नावाची एक नोंदवही असते. टेबले, खुर्च्या, नकाशे, प्रयोगशाळेतील उपकरणे यांची तीत नोंद होते, आणि वर्षाअखेर तीन-चार शिक्षकांची समिती त्या वस्तू पडताळून पाहते. ज्या वस्तू निरुपयोगी ठरतात त्यांच्यापुढे तसा शेरा मारून त्या काढून टाकल्या जातात. दोन वर्षांपूर्वी त्या समितीत माझे नाव होते. प्रयोगशाळेतील कपाटाच्या माथ्यावर एक जुना ऑसिलोस्कोप, दोन व्होल्टमीटर आणि एक गॅल्व्हानोमीटर धूळ खात पडले होते. यादीत त्यांच्यापुढे 'चालू नाही' एवढाच शेरा होता. का चालू नाही, केव्हापासून चालू नाही, कोणी तपासून पाहिले, हे मी विचारले नाही. मी कलाशाखेची पदवीधर. विजेच्या उपकरणांत मला काय समजणार, अशी मी मनाची समजूत घातली आणि सही केली. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला. त्याने ती उपकरणे तराजूत घालून वजनावर नेली.

पुढे काही महिन्यांनी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी दाखला नेण्यासाठी आला होता. तो एका कारखान्यात तंत्रज्ञ आहे. जाताना तो मला म्हणाला, "बाई, शाळेचा तो जुना ऑसिलोस्कोप माझ्याकडे आहे. भंगारवाल्याकडून आणला. एकदा पाहायला याल का?" त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. एका रविवारी मी त्याच्या घरी गेले.

घराच्या मागच्या पडवीत त्याने एक छोटी कार्यशाळा थाटली आहे. एक लाकडी मेज, वर दिवा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या तारा, पकडी, स्क्रू ड्रायव्हर. मेजावर आपला ऑसिलोस्कोप होता. परंतु मी तो ओळखला नाही. धूळ गेली होती, बटणांवरील अक्षरे वाचता येत होती. त्याने कळ दाबली. क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग काळ्या काचेवर हिरवी रेषा उमटली. त्याने एका लहान यंत्राची तार तिथे जोडताच ती रेषा वाकली आणि तिची लाट झाली. मी विचारले, "बिघाड काय होता?" तो म्हणाला, "फ्यूजच्या खोबणीला गंज चढला होता, वीजपुरवठ्याच्या भागातले दोन कपॅसिटर वाळून गेले होते, आणि बटणांच्या आतली पितळी पाने काळी पडली होती. आपल्याकडच्या पावसाळ्यात ते होणारच." त्या दोन कपॅसिटरांची किंमत दोन कप चहाहून फारशी अधिक नव्हती. व्होल्टमीटर आणि गॅल्व्हानोमीटर मात्र त्याच्या हाती लागण्यापूर्वीच वितळून गेले होते.

त्या दिवशी मला कळून चुकले की 'चालू नाही' हे निदान नव्हेच. रोगी निजून आहे एवढे सांगून वैद्य उठून गेला, तर त्याला आपण वैद्य म्हणू काय?

घरी परतल्यावर या छंदाविषयी मी जे मिळेल ते वाचले, त्या विद्यार्थ्याला पुनःपुन्हा विचारले, आणि माझ्या ध्यानात आले की हा त्याच्या एकट्याचा नाद नव्हे. जुनी इलेक्ट्रॉनिक मापनयंत्रे मिळवावी, ती खोलावी, बिघाड शोधावा आणि त्यांना पुन्हा काम करते करावे, यात सुट्टीचे दिवस घालवणारे लोक जगभर आहेत. त्यांत अभियंते आहेत, निवृत्त कारागीर आहेत, विद्यार्थी आहेत. प्रथम ही यंत्रे कोणती ते सांगितले पाहिजे. व्होल्टमीटर विजेचा दाब किती हे एका आकड्याने सांगतो. ऑसिलोस्कोप तोच दाब क्षणोक्षणी कसा बदलतो याचे चित्र काढून दाखवतो. नाडीचे ठोके मोजणे आणि हृदयाचा आलेख काढणे यांत जे अंतर, तेच या दोहोंत आहे. रेडिओपासून संगणकापर्यंत जे जे विजेवर चालते, त्याची परीक्षा अशा यंत्रांवाचून होत नाही. म्हणजे ही यंत्रे वर्गातील परीक्षकासारखी आहेत, आणि परीक्षकच आजारी पडला तर काय करावे, हा या छंदाचा मूळ प्रश्न आहे.

या यंत्रांचा इतिहासही मोठा मनोरंजक आहे. १९३९ साली अमेरिकेतील पालो आल्टो या गावी विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुणांनी भागीदारी केली. त्यांची कार्यशाळा म्हणजे घरामागील एक गॅरेज. त्यांचे पहिले यंत्र ठरावीक कंपनसंख्येच्या लहरी निर्माण करणारे होते. त्या लहरींची उंची स्थिर राखणे हे मोठे कठीण काम. ह्यूलेटने त्यासाठी एक साधा छोटा विजेचा दिवा वापरला! प्रवाह वाढला की दिव्याची तार तापते, तापली की तिचा रोध वाढतो, आणि प्रवाह आपोआप आवरला जातो. 'फॅन्टेशिया' हा १९४० सालचा चित्रपट तयार करताना वॉल्ट डिस्नेच्या कंपनीने त्या यंत्राच्या सुधारित नमुन्याची आठ यंत्रे घेतली होती. पुढे १९४६ साली पोर्टलंड येथे हॉवर्ड व्होलम, जॅक मर्डॉक आणि त्यांचे सहकारी यांनी टेक्ट्रॉनिक्स ही कंपनी काढली, आणि तिचे ऑसिलोस्कोप जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले.

या टेक्ट्रॉनिक्सच्या जुन्या ऑसिलोस्कोपांतील एक गोष्ट मला फार आवडली. त्यांतील तारा चिनी मातीच्या पट्ट्यांवर जोडलेल्या असत, आणि त्या पट्ट्यांच्या खाचांना आतून चांदीचा लेप असे. साध्या सोल्डरने पुनःपुन्हा जोडकाम केल्यास ती चांदी त्यात विरघळून सांधा निकामी होण्याची भीती. म्हणून कारखान्यातून यंत्र बाहेर पडतानाच त्याच्या पोटात थोडी चांदी मिसळलेल्या सोल्डरचे एक छोटे रीळ ठेवून दिलेले असे. त्याशिवाय यंत्राबरोबर जे पुस्तक मिळे, त्यात संपूर्ण विद्युत्-मंडलाचा नकाशा असे. कोणत्या बिंदूवर किती दाब मिळावा, कोणत्या ठिकाणी लाट कशी दिसावी, हेही छापलेले असे. विचार करा: ज्याचे तोंड आपण कधी पाहणार नाही अशा, कदाचित अजून न जन्मलेल्या, दुरुस्ती करणाऱ्या माणसासाठी त्या कारागिराने सोल्डरचे रीळ ठेवून दिले. आपली वस्तू एक दिवस बिघडेल हे त्याने लपवले नाही. उलट ती बिघडल्यावर सुधारता यावी याची तजवीज केली. आज कित्येक वस्तू अशा बनवल्या जातात की त्यांचे झाकण उघडायला स्क्रूदेखील नसतो. झाकण चिकटवून टाकणारा कारखानदार गिऱ्हाइकाला जणू असे सांगत असतो की, 'तुला यातले काही समजण्याची गरज नाही. बिघडले की नवे घे.' हे सांगणे मला विद्येच्या विरुद्ध वाटते, आणि शाळेने तरी ते निमूटपणे ऐकून घेऊ नये.

आता दुरुस्ती कशी होते ते पाहू. त्या पडवीत बसून मी जे पाहिले, त्यावरून माझी अशी खात्री झाली की यात घाईला मुळीच थारा नाही. यंत्र हाती आले की चांगला छांदिष्ट ते लगेच विजेला जोडत नाही. तो प्रथम केवळ पाहतो. जळल्याचा वास येतो काय, कोठे काळा डाग आहे काय, कोणता कपॅसिटर फुगला आहे काय, एखाद्या जुन्या बॅटरीचे पाणी गळून तांब्याच्या रेघा खाल्ल्या गेल्या आहेत काय? मग धूळ काढणे. धूळ ओलावा धरून ठेवते, आणि ओलाव्यातून वीज नको त्या वाटेने झिरपते. म्हणून स्वच्छता ही येथे शोभेची बाब नाही. टेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्ती-केंद्रांत तर ऑसिलोस्कोपांना साबणाच्या कोमट पाण्याने चक्क आंघोळ घालीत आणि मग मंद उष्णतेच्या भट्टीत पुष्कळ वेळ वाळवीत. हे वाचून मला प्रथम विश्वासच वाटेना! अर्थात ते काम जाणत्यांचे. कोणी घरचा रेडिओ न्हाणीघरात नेऊ नये.

त्यानंतर प्रथमच वीज द्यावयाची तीही बेताने. आपल्याकडचे वायरमन ज्याला 'सिरीज बोर्ड' म्हणतात, त्यात यंत्राच्या वाटेवर एक साधा तारेचा दिवा जोडलेला असतो. आत कोठे दोन तारा एकमेकींना भिडल्या असतील तर तो दिवा लख्ख पेटतो आणि यंत्र बचावते; सारे ठीक असेल तर तो क्षणभर उजळून मंद होतो. वर सांगितलेल्या ह्यूलेटच्या दिव्यामागे जे तत्त्व, तेच येथेही आहे. मग वीजपुरवठ्याच्या भागातील दाब नकाशाबरहुकूम आहेत की नाहीत हे प्रथम तपासायचे. पाया तपासल्याशिवाय कळसाला हात लावायचा नाही. पाया ठीक असेल तर मग मंडलाचे मनाने दोन भाग करावयाचे, मध्यावर लाट ठीक आहे काय ते पाहावयाचे. ठीक असेल तर दोष पुढल्या अर्ध्यात, नसेल तर मागल्या अर्ध्यात. पुन्हा त्या अर्ध्याचे दोन भाग. अशा रीतीने शेकडो सुट्या भागांच्या जंगलातून सात-आठ पायऱ्यांत माणूस दोषापर्यंत पोहोचतो. गणितात आणि तर्कशास्त्रात आपण जे शिकतो, ते येथे हाताच्या बोटांवर येते.

माझ्यासारख्या भाषेच्या शिक्षिकेला यात एक ओळखीची वाटही दिसली. ज्ञानेश्वरीच्या प्रती शतकानुशतके हातांनी उतरवल्या जात असता त्यांत पुष्कळ अपपाठ शिरले होते. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, एकनाथ महाराजांनी त्या ग्रंथाचे शुद्धीकरण केले. ते स्वतः थोर कवी होते. मनात आणते तर आपल्या ओव्या त्यात सहज मिसळू शकते. परंतु त्यांनी मूळ ग्रंथकाराचा शब्द शोधला, आणि त्यात कोणी आपली भर घालू नये असे बजावले. उत्तम दुरुस्ती करणारा हाच धर्म पाळतो. यंत्र आपल्या लहरीप्रमाणे बदलणे सोपे आहे. रचनाकाराच्या मनात काय होते ते ओळखून तेवढेच पुन्हा उभे करणे कठीण आहे. त्यात विनय लागतो. आपल्याहून अधिक जाणणाऱ्या माणसाशी त्याच्या पश्चात केलेला तो संवाद असतो.

आता कार्यशाळेच्या टापटिपीकडे वळू. येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे पुढे मांडला पाहिजे. जिम विल्यम्स नावाचे अमेरिकेतील एक विख्यात इलेक्ट्रॉनिक मंडल-रचनाकार होऊन गेले. त्यांच्यापाशी अभियांत्रिकीची पदवी नव्हती. जुनी मापनयंत्रे मिळवून ती दुरुस्त करण्याचा त्यांना आयुष्यभर छंद होता, आणि 'द इम्पॉर्टन्स ऑफ फिक्सिंग', म्हणजे 'दुरुस्तीचे महत्त्व', या नावाचा त्यांचा एक निबंधच आहे. २०११ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथील संगणक-इतिहास संग्रहालयाने त्यांचे कामाचे मेज प्रदर्शनात मांडले. ते मेज कसे होते? तारा, सुटे भाग, अर्धवट मंडले यांचा त्यावर असा ढीग होता की कोणत्याही गृहिणीने कपाळावर हात मारावा! त्यांचे समकालीन बॉब पीझ यांनी बिघाड शोधण्याच्या कलेवर १९९१ साली 'ट्रबलशूटिंग अ‍ॅनालॉग सर्किट्स' हे पुस्तक लिहिले. त्यांच्या खोलीतील कागदांचे आणि सामानाचे डोंगरही असेच प्रसिद्ध होते. मग टापटिपीचा एवढा आग्रह कशाला, असे कोणीही विचारील. घरी आईने मेज आवरायला सांगितले की हे उदाहरण तोंडावर फेकण्याचा मोहही काहींना होईल.

माझे उत्तर असे. त्या थोर माणसांच्या पसाऱ्यामागे चाळीस वर्षांची स्मृती उभी होती. कोणती वस्तू कोठे आहे हे त्यांच्या डोक्यात होते. आपल्या डोक्यात तेवढी जागा तयार होईपर्यंत ते काम खणांनी, डब्यांनी आणि चिठ्ठ्यांनी केले पाहिजे. शिवाय त्यांचे मेज एकट्याचे होते. शाळेचे मेज अनेकांचे असते. एकाचा पसारा तेथे दुसऱ्याची अडचण होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पसारा मेजावर चालेल, तो मापनात चालत नाही. कोणता स्क्रू कोठला, कोणती तार कोठून काढली, काल किती दाब मिळाला, याची नोंद वहीत नसेल तर अर्धे खोललेले यंत्र हे न खोललेल्या यंत्राहून अधिक निकामी होते.

त्या विद्यार्थ्याच्या पडवीत मला एक जुना पितळी मिसळणाचा डबा दिसला. आपल्या आईकडून त्याने तो मागून घेतला आहे. हळद, मोहरी, जिरे यांच्या वाट्यांत आता निरनिराळ्या मापांचे स्क्रू असतात, आणि प्रत्येक वाटीत ते यंत्राच्या कोणत्या बाजूचे आहेत याची चिठ्ठी. रेझिस्टर त्याने किमतीच्या क्रमाने काड्यापेट्यांच्या खणांत लावले आहेत: दहा, बारा, पंधरा, अठरा, बावीस... हा क्रम प्रथम मला चमत्कारिक वाटला. पण प्रत्येक किंमत मागचीहून साधारण पंचमांशाने मोठी, असा त्यात हिशेब आहे. तारा गुंडाळीच्या दिशेनेच गुंडाळून खिळ्याला टांगलेल्या, कारण पिळलेली तार आतल्या आत तुटते आणि मग ती तार यंत्राच्या नावाने खोटी साक्ष देते. सोल्डरिंगची तापलेली सळई ठेवण्याची जागा उजव्या हाताला, कायमची. डोळे यंत्रात गुंतले असताही हात नेमका तेथेच जातो. अशी व्यवस्था म्हणजे लष्करी शिस्त नसून विचाराला मोकळी वाट करून देणे होय, हे मला तेथे पटले.

तथापि या छंदाचे एक व्यसनही आहे, आणि ते सांगितल्याशिवाय माझे मत एकांगी ठरेल. जुने यंत्र दिसले की घरी आणावे, सुटे भाग कधीतरी उपयोगी पडतील म्हणून ठेवावे, असे करता करता पुष्कळांच्या कार्यशाळांचे गोदाम होते आणि दुरुस्ती बाजूलाच राहते. त्यावर या मुलाने तीन फळ्यांचा नियम केला आहे. पहिल्या फळीवर तपासून ठीक ठरलेली यंत्रे, दुसरीवर दुरुस्तीच्या वाटेवर असलेली, आणि तिसरीवर ज्यांचे केवळ सुटे भाग घ्यावयाचे अशी. दुसऱ्या फळीवर एका वेळी तीनहून अधिक यंत्रे ठेवायची नाहीत, आणि वर्षातून एकदा तिसरी फळी रिकामी करायची. हे रिकामे करणेही डोळे मिटून होत नाही. चित्रनलिकेच्या काचेत आणि जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते; ते उघड्यावर फोडणे, जाळणे हे माती-पाण्याला आणि माणसाला घातक आहे. म्हणूनच १ एप्रिल २०२३ पासून आपल्या देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले आहेत, आणि असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच गेला पाहिजे. सारांश, काय ठेवायचे याइतकेच काय सोडायचे हेही तपासून ठरवावे लागते. आवरणे म्हणजे निर्णय करणे.

आपल्याकडे चवथीपूर्वी सारे घर झाडून-सारवून निघते, आणि माळ्यावरच्या वस्तू वर्षातून एकदा तरी उजेड पाहतात. खंडेनवमीला कारागीर आपली अवजारे पुसून, तेलपाणी करून पूजेला लावतात. या पूजेचा अर्थ मला आता अधिक कळतो. हळदकुंकू वाहण्यापूर्वी प्रत्येक हत्यार हातात घेऊन पाहावे लागते. धार गेली आहे काय, मूठ सैल झाली आहे काय हे त्या वेळी समजते. वर्षातून एक दिवस का होईना, आपण वस्तूकडे निरखून पाहतो. ज्या दिवशी मी ती सही केली, त्या दिवशी मी तेवढेही केले नव्हते.

कोणी म्हणेल, आज नवे डिजिटल मल्टिमीटर थोड्या पैशांत मिळतात. मग जुन्यांवर इतका वेळ का खर्चावा? पैशाचाच हिशेब केला तर पुष्कळदा नवे घेणेच परवडते, हे मला मान्य आहे. ज्याला उद्याच काम पुरे करायचे आहे त्याने नवे यंत्र घ्यावे. परंतु शाळेचा हिशेब निराळा असतो. शाळेत दोन तास खर्चून एक बिघाड सापडला, तर ते दोन तास वाया गेले असे कोणता शिक्षक म्हणेल? नवे यंत्र आपल्याला उत्तर देते. बिघडलेले यंत्र प्रश्न विचारते. आणि त्याहूनही मोठी गोष्ट अशी की, दुरुस्त केलेले मापनयंत्र खरे बोलते आहे की नाही हे दुसऱ्या यंत्राशी ताडून पाहावे लागते. ते दुसरे यंत्र तरी खरे कशावरून? म्हणून तिसरे. असे वर वर जाता जाता ही परंपरा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत पोहोचते, जेथे आपल्या देशाची प्रमाण-मापे सांभाळली जातात. त्या प्रयोगशाळेची कोनशिला १९४७ साली बसवली गेली. नवा देश उभारताना आपल्या वडीलधाऱ्यांना खरे मोजण्याची एवढी निकड वाटली होती!

ज्याच्या हाती मोजपट्टी, त्याने आधी ती पट्टी तपासावी, हा धडा विज्ञानापुरता नाही. आम्ही शिक्षक तुमच्या उत्तरपत्रिका तपासतो, तुमच्या प्रगतिपुस्तकात शेरे लिहितो. 'अभ्यासात लक्ष नाही', 'प्रगती असमाधानकारक' असे शेरे मीही लिहिले आहेत. आता लिहिताना माझा हात थबकतो. हा शेरा म्हणजे तपासाअंती केलेले निदान आहे, की केवळ आणखी एक 'चालू नाही' आहे? फ्यूजच्या खोबणीतला थोडासा गंज काढण्याची तसदी न घेता आपण एखाद्या मुलाला कपाटाच्या माथ्यावर तर ठेवीत नाही ना? पालकांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा, अशी माझी नम्र विनंती आहे.

शेवटी एक सूचना मी मुख्याध्यापकांपुढे आणि पालक-शिक्षक संघापुढे ठेवते. प्रयोगशाळेच्या एका कोपऱ्यात दुरुस्तीचे एक मेज असावे. त्यावर एक चांगला मल्टिमीटर, सोल्डरिंगचे साहित्य, सुट्या भागांचे खण आणि एक नोंदवही असावी. महिन्यातून एका शनिवारी विज्ञानशिक्षकांच्या आणि एखाद्या माजी विद्यार्थ्याच्या देखरेखीखाली आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी तेथे काम करावे. प्रारंभ बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंपासून व्हावा: विजेरी, घंटा, गॅल्व्हानोमीटर, घरातून आणलेले भिंतीवरचे घड्याळ. भिंतीतील विजेवर चालणारे यंत्र मुलांनी एकट्याने कधीही उघडू नये. ऑसिलोस्कोपच्या चित्रनलिकेला काही हजार व्होल्टांचा दाब लागतो, आणि वीज बंद केल्यावरही कपॅसिटरांत ती दबा धरून बसलेली असते. जाणते लोकसुद्धा तेथे एक हात पाठीशी धरून काम करतात. धाडस आणि अविचार यांतला फरक शिकणे हाही या शिक्षणाचाच भाग समजावा. आणि 'डेडस्टॉक'च्या वहीत 'चालू नाही' या शेऱ्यापुढे आणखी दोन रकाने आखावेत: 'काय तपासले' आणि 'कोणी तपासले'.

तो जुना ऑसिलोस्कोप त्या विद्यार्थ्याने शाळेला परत देऊ केला आहे. त्याची एकच अट आहे, की तो कपाटाच्या माथ्यावर ठेवला जाऊ नये. यंदाच्या पडताळणीची यादीही माझ्या टेबलावर येऊन पडली आहे. तीत पाच उपकरणे आहेत, आणि पाचांपुढेही तोच ओळखीचा शेरा आहे. त्या यादीवर मी अद्याप सही केलेली नाही. दहावीच्या ज्या मुलामुलींना ती उपकरणे उघडून पाहण्याची इच्छा असेल, त्यांनी पहिल्या शनिवारी मला प्रयोगशाळेत भेटावे. येताना घरातला एखादा जुना मिसळणाचा डबा मिळाला तर घेऊन यावा. मात्र आईला विचारून.